टप विरुद्ध वावर

समस्त अमरावतीकर, अकोलेकर आणि पाण्याची टाकी वगळून ज्यांच्या गच्चीवर चार हात जागा उरली आहे अशा तमाम सज्जनांना कळवण्यात येते की, झुकिनी टपात लावावी की वावरात, म्हणजे शेतात, या अत्यंत गंभीर प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. टप जिंकला. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं. ज्यांना पेढे वाटायचे असतील त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर वाटावेत. जिंकलेला टप माझ्याच हातचा होता, तरी मी वाटले नाहीत.

माझा धंदा लोकांच्या गच्च्यांवर बाग लावून देण्याचा. अमरावतीत मला 'कुंडीवाल्या ताई' म्हणतात. स्कूटीवर पायाशी खताचं पोतं, मागे कुंड्यांची उतरंड आणि तोंडाने अखंड बडबड, अशी माझी वरात गल्लीत शिरते. खताचे पैसे पडतात, बडबड फुकट असते.

या धंद्यात झाडांपेक्षा माणसं जास्त उगवतात. एका कोचिंग क्लासच्या संचालकांनी जिन्यात ठेवायला अशी झाडं मागितली होती की ज्यांना फूल येणार नाही, कारण फुलं पाहून मुलांचं लक्ष उडतं. मी त्यांना निवडुंग दिला. पुढच्या वर्षी त्या निवडुंगाला असं काही फूल आलं की अख्खी बॅच फोटो काढायला जिन्यात अडकून पडली. दुसरे एक निवृत्त साहेब. ते रोज सकाळी कुंडीतल्या आंब्यासमोर हात मागे बांधून उभे राहत आणि प्रगती काय आहे म्हणून विचारत. आंबा त्यांच्या जुन्या कारकुनांसारखा खाली मान घालून गप्प राही.

अशा गिऱ्हाइकांवर मी जगते आणि हसते. पण इंदूकाकूंच्या गच्चीची गोष्ट सांगायला बसले की माझं नाटक मध्येच बंद पडतं.

काकू मूळच्या हिवरखेडच्या. काका होते तोवर दोघांनी मिळून वावर केलं. काका गेले, काकूंचे गुडघे गेले, आणि मुलाने, गजाननने, त्यांना अमरावतीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आणलं. गजानन इथे सरकारी कचेरीत. बोलणं अगदी छापील. वऱ्हाडी त्याने गावीच ठेवली होती. सूनबाई शाळेत शिक्षिका. दोघंही चांगली, पण सकाळी निघाली की संध्याकाळी उगवणारी. मधला सगळा दिवस काकू आणि टीव्ही. काकू टीव्ही लावत नसत, त्याच्याकडे पाहत बसत.

गजाननने मला बोलावलं ते आईचा जीव रमावा म्हणून. वर आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याने पहिल्याच दिवशी जिन्यात सांगितली. वावर काकूंच्या नावावर होतं आणि त्याला एक गिऱ्हाईक आलं होतं. कुणाच्या तरी लग्नात त्या माणसाने चार लोकांदेखत विचारलं, आणि गजाननने हो म्हणून टाकलं होतं. आता प्रश्न सहीचा होता. काकू सही करत नव्हत्या. नाहीही म्हणत नव्हत्या. विषय निघाला की उठून गॅस पुसायला लागत.

गच्चीवर माझी टपांची मांडामांड सुरू झाली तेव्हा काकू पायरीवर बसून पाहत होत्या. मी कोकोपीटचं पोतं उघडलं. त्यांनी मूठभर उचललं, चोळलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे माती हाये का बाप्पा? नारयाच्या शेंड्या हायेत ह्या."

मी म्हटलं, काकू, टपात नुसती काळी माती घातली तर तिची वीट होते. ते त्यांना पटलं. मग म्हणाल्या, "मंग तुरीचं कुटार टाक. शेंड्या कायले?" कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. मी टाकलं. त्या दिवसापासून त्या माझ्या आणि मी त्यांची.

शर्यतीला निमित्त गजाननचं झालं. तो आईला समजावत होता की बघ, इथेच तुझं वावर, इथेही पिकतं. काकू भडकल्या. म्हणाल्या, "ज्या दिवशी तुह्या या टपात वावरापेक्षा जास्त पिकन, त्या दिवशी मी सही करीन. जाय."

गजानन म्हणाला, ठरलं. काकू म्हणाल्या, ठरलं. आणि आमच्याकडे शब्द म्हणजे शब्द. त्याला स्टँपपेपर लागत नाही.

आता पीक कोणतं? भेंडी, वांगी, मेथी काकूंना नको. ओळखीची भाजी टपात कोंडायची म्हणजे पाहुण्याला मोरीत जेवायला वाढल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी माझ्या पिशवीतून झुकिनीचं पाकीट काढलं. ही कोणाचीच नाही, ना टपाची ना वावराची, परदेशी पाहुणी आहे. पंच म्हणून हिला नेमा, असं मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं. दोन झाडं टपात, दोन हिवरखेडला. महाशिवरात्रीपर्यंत ज्याच्या फळांचं वजन जास्त, तो जिंकला. वावरातली झाडं सांभाळायला शेजारच्या बांधावरचे रहीमचाचा. काकांचे जुने दोस्त. काकूंना भाभी म्हणायचे आणि काकू त्यांना भाऊ.

ज्यांनी झुकिनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ही आपल्या डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, विलायती चुलत बहीण. अंगाने काकडीसारखी, पण वेल नाही, झुडूप. पानं छत्रीएवढी. स्वतःची चव म्हणाल तर जवळपास नाही. लसणासोबत शिजवा, लसणाची होते. थंडीत खुश असते. आमचा उन्हाळा तिला दाखवूसुद्धा नये.

माझा धंदेवाईक सल्ला मी दोघांनाही खरा सांगितला होता. जमिनीत झाडाची मुळं वाट्टेल तिथं जातात, टपात त्यांना चार बोटांवर भिंत लागते. वावरात एक पाणी चुकलं तर काळी माती सांभाळून घेते, टपात चुकलं तर संध्याकाळी पानं लोंबतात. वावरात गांडूळ, मधमाशी, वारा हे सगळे बिनपगारी नोकर असतात. गच्चीवर ती सगळी नोकरी तुम्हालाच करावी लागते. काळ्या मातीत एकच भीती, पाणी साचून बुड कुजण्याची. त्यासाठी झाड उंच गादीवाफ्यावर लावायचं, की झालं. सरळ हिशेबाने वावरच जिंकणार होतं. काकूंनाही ते ठाऊक होतं, म्हणून तर त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

दिवाळीनंतर बी टाकलं. टपातली रोपं आधी वर आली, कारण काकू दिवसातून कितीदा तरी त्यांच्याकडे पाहायच्या. गुडघ्यांना जिना चढवत नव्हता तर त्या बसत बसत चढायच्या. फुलं आली. पिवळी, ताटलीएवढी.

आणि इथे माझी जीभ मध्ये आली. झुकिनीला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलामागे बोटाएवढं फळ आधीच असतं. गच्चीवर मधमाशा नसतात, म्हणून सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि त्याचा पराग मादीला लावायचा. नाही लावला तर ते बोटाएवढं फळ टोकाकडून पिवळं पडतं आणि गळतं. एवढी साधी गोष्ट मला साधेपणाने सांगता येईना. मी ओढणीचा अंतरपाट धरला, शुभमंगल सावधान म्हटलं आणि काकूंच्या हातात नर फूल देऊन म्हणाले, लावा लग्न.

काकूंनी हात मागे घेतला. हसत होत्या त्या थांबल्या. म्हणाल्या, "मी कशी लावू बाई? हे माह्या हातानं नसते होत."

काका जाऊन दुसरं वर्ष होतं. काका गेल्यापासून हळद काकूंच्या हाताने कोणाला लागली नव्हती. नात्यातल्या लग्नांत त्या मागच्या खुर्चीवर बसत, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मी घाईघाईने म्हटलं, अहो काकू, फूल आहे हो ते, मी आपली गंमत केली. पण एकदा लग्न म्हटल्यावर ते त्यांच्यासाठी लग्न झालं होतं. त्यांनी ते फूल सूनबाईंच्या हातात दिलं.

सूनबाईंनी दोन-तीन सकाळी लग्नं लावली. मग शाळेत परीक्षा आल्या. फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. शाळेची बसही नेमकी तेव्हाच. टपातली फळं एकेक करून पिवळी पडायला लागली. गळून टपात पडायची. काकू ती उचलून गच्चीच्या कठड्यावर ओळीने ठेवायच्या.

तिकडे वावरात चमत्कार चालला होता. रहीमचाचा दर बाजाराच्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरकडे पिशवी द्यायचे. गजानन स्वतः स्टँडवरून ती आणायचा. त्या दिवशी तो कचेरीतून लवकर निघायचा हे मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं. पिशवीतून जी झुकिनी निघायची ती झुकिनी नव्हती, पहिलवानाची मांडी होती. काकू ती मांडीवर घ्यायच्या आणि थोपटायच्या. वजनकाट्यावर ठेवली की काटा दबून जायचा. वावर पुढे, टप मागे. काकूंच्या आवाजाला धार आली. गजाननला टोमणे सुरू झाले. तो म्हणायचा, आई, तू जिंकणार असं दिसतंय, आणि पिशवी घडी घालून ठेवायचा.

हे असंच चाललं असतं तर मी आज पेढ्यांवर विनोद करत बसले नसते.

एका सकाळी मी खत घेऊन त्यांच्याकडे गेले. सूनबाई निघून गेल्या होत्या. गच्चीचं दार उघडं होतं. काकू टपाशी बसल्या होत्या. डोक्यावरून पदर. हातात सोललेलं नर फूल. त्यांनी ते मादी फुलाला अलगद टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि मग दुसऱ्या फुलाकडे सरकल्या. मी दारातच उभी राहिले. 

त्यांनीच मला पाहिलं. कठड्यावरच्या वाळलेल्या फळांच्या ओळीकडे नजर टाकून म्हणाल्या, "लेकरं हायेत थे. डोयादेखत मरू देऊ का?"

त्यानंतर टपाने मागे वळून पाहिलं नाही. काकू रोज उजाडताना गच्चीवर. भुरी आली, म्हणजे पानांवर पिठासारखी बुरशी, तर आंबट ताक पाण्यात घालून शिंपडलं. दुपारी ऊन लागतं म्हणून जुन्या लुगड्याचा आडोसा केला. मी त्यांना शिकवलं होतं की झुकिनी वीतभर झाली की तोडायची. तोडली की झाड पुन्हा फळ धरतं, ठेवली की झाडाला वाटतं आपलं काम संपलं, आणि ते धरणं बंद करतं. काकू तोडत गेल्या. टप देत गेला.

हीच गोष्ट काकूंनी फोन करून रहीमचाचांना सांगितली, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. शर्यतीत समोरच्याला युक्ती सांगायची नसते म्हणतात. पण काकूंच्या बाबतीत समोरचा म्हणजे त्यांचंच वावर होतं. चाचांना ते जमेना. वऱ्हाडी शेतकऱ्याला फळ मोठं झालेलं दिसलं पाहिजे. वीतभर माल बाजारात नेला तर लोक विचारतील, काहून बुवा, घरात उपास पडला का? चाचा फोनवर म्हणाले, "भाभी, इतनी बारकी तोडायले हात नाई धजत." त्यांनी ती ठेवली. ती फुगली, पिवळी पडली, बियांनी भरली. झाडांनी काम संपलं असं समजून पाय पसरले. एसटीतून येणारी पिशवी हलकी होत गेली. एका बाजाराच्या दिवशी ती आलीच नाही. गजानन स्टँडवर बराच वेळ थांबला आणि रिकाम्या हाताने घरी आला. मला म्हणाला, ड्रायव्हर बदलला असेल.

वजनात टप वावराच्या बरोबरीला आला, तेव्हा मी माझ्या अंगातली सगळी लबाडी गोळा केली. धंद्याला बट्टा लागला तरी चालेल, पण हा टप हरला पाहिजे असं मला वाटायला लागलं होतं. मी काकूंना म्हटलं, बऱ्याच दिवसांत बहिणीकडे अकोल्याला गेला नाहीत, चार दिवस जाऊन या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही भोळ्या नव्हत्या. मी म्हटलं, बरं, जाऊ नका, नुसतं पाणी घालायला विसरा. म्हातारपणी माणूस विसरतं. कोणी नाव ठेवणार नाही.

काकू पायरीवर बसल्या. हातातला मग खाली ठेवला. म्हणाल्या, "वावर वाचवाले झाड मारू? मंग वावरात जाऊन कोन्तं तोंड दाखवू वं त्याले?"

परत तो मग उचलला आणि पाणी घातलं.

महाशिवरात्रीला वजन केलं. गजाननने मोबाइलमधला हिशेब दोनदा तपासला. मला वाटलं, तो जिंकल्याची खात्री करतोय. टप पुढे होता, आणि थोडाथोडका नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सूनबाई उगीच स्वयंपाकघरात गेल्या. काकूंनी त्या दिवशीची झुकिनी चिरली, लसूण ठेचला, बेसन पेरून झुणका केला आणि सगळ्यांना वाढला. चव चांगली होती. 

सही तेल्हाऱ्याला, हिवरखेडच्या तालुक्याच्या गावी, नोंदणीच्या कचेरीत. काकू मला म्हणाल्या, तू चाल, तुह्या टपानंच तर जिंकलं. टोमणा होता की प्रेम, मला अजून कळलेलं नाही. मी गेले. विकत घेणारा माणूस सभ्य होता. त्याने काकूंना खुर्ची दिली, पंख्याखाली बसवलं. साक्षीदार म्हणून रहीमचाचा आले होते, इस्त्रीचा कुडता घालून. ते काकूंच्या शेजारी बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले की आपल्याच हातून झाडं कमी पडली. काकू म्हणाल्या, तुमचं नाही चुकलं भाऊ, बारकं लेकरू तोडायला कोणाचा हात धजतो.

काकूंनी सही केली. त्यांना सही येते, आणि त्या दिवशी त्यांनी ती सावकाश, प्रत्येक अक्षरावर थांबत केली. कारकुनाने सवयीने बोटाला शाई लावून अंगठाही घेतला. काकूंनी अंगठा पदराला पुसला नाही, तसाच ठेवला.

आम्ही बाहेर आलो. मार्च तोंडावर आला होता आणि ऊन कडक होतं. रहीमचाचा हिवरखेडच्या गाडीकडे गेले. मागे वळून त्यांनी एकदा कपाळाला हात लावून सलाम केला. काकूंनी नुसती मान हलवली. वावर तिथून लांब नव्हतं. आमच्या भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने विचारलं, एक चक्कर मारायची का. काकू नाही म्हणाल्या. गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं आणि अगदी रोजच्या आवाजात गजाननला म्हणाल्या, "चाल लवकर. सकायपासून टपाले पानी नाई. मान टाकली असन त्यानं."

गजानन दाराला हात लावून बाहेरच उभा होता. इतके महिने मी त्याला ओळखत होते. त्याच्या तोंडून मी छापील मराठीच ऐकली होती. तो आत वाकला आणि भर रस्त्यात, माझ्यादेखत, ड्रायव्हरदेखत बोलून गेला, "माय, एक दिवस पानी नसतं घातलं त्याले, त मले त्या मानसाले नाई म्हनता आलं असतं वं."